नव्या जिवाणूस नाव देण्यापूर्वी

रुग्णाच्या रक्तातून, जखमेतील पुवातून अथवा श्वासनलिकेतील स्रावातून वाढलेला एखादा जिवाणू यंत्राच्या यादीत बसत नाही, व्हायटेकचे कार्ड ओळख पटत नसल्याचा शेरा मारते, माल्डी-टॉफचा गुणांक १.७ च्या खालीच घोटाळत राहतो आणि पुन्हा केलेल्या परीक्षेतही तोच प्रकार घडतो, तेव्हा तपासणाऱ्याच्या मनात जी उत्सुकता जागी होते ती सर्वस्वी स्वाभाविक आहे. आणि आपल्या हातून शास्त्रास एखादी नवी प्रजाती ज्ञात होत असेल तर तिची नोंद करण्याची इच्छा धरण्यात गैर असे काहीच नाही. परंतु ‘ही प्रजाती नवी आहे’ हे या कामातील पहिले विधान नसून सर्वांत शेवटचे विधान होय, ही गोष्ट ज्यांनी प्रथमपासून ध्यानी धरली नाही त्यांचे श्रम पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी दुरुस्तीच्या लेखात जमा झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सात-बाऱ्यावर नवे नाव चढवण्यापूर्वी जुन्या हक्कदारांस नोटीस द्यावी लागते, आणि कोणाची हरकत नाही अशी खातरजमा झाल्यावरच फेरफार मंजूर होतो; जिवाणूंच्या दप्तरातील शिरस्ताही याहून फारसा वेगळा नाही. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत काम करणाऱ्या वाचकांसाठी तो येथे मांडला आहे. त्यातील काही बाबींवर मी मुद्दाम अधिक थांबलो आहे, कारण घोटाळे बहुधा तेथेच होतात.

संधिसाधू जिवाणूंच्या संबंधात मुख्य अडचण त्यांच्या दुहेरी वास्तव्यातून निर्माण होते. निरोगी मनुष्यास सहसा अपाय न करता माती, साचलेले पाणी, वनस्पतींची मुळे, नळाच्या तोंडाशी किंवा बेसिनच्या नळीत धरलेला बुळबुळीत थर अशा ठिकाणी हे जंतू सुखाने नांदत असतात, आणि भाजलेला रुग्ण, कर्करोगावरील औषधांनी ज्याचे पांढऱ्या पेशींचे बळ खचले आहे असा रुग्ण, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेला रुग्ण, अथवा शिरेत दीर्घकाळ कॅथेटर असलेले अपुऱ्या दिवसांचे अर्भक त्यांच्या तावडीत सापडले म्हणजे मग ते रोगकारक म्हणून वैद्याच्या दृष्टीस पडतात. परिणामी एकच जीव दोन निरनिराळ्या विद्वन्मंडळांच्या हाती स्वतंत्रपणे लागतो. एक मंडळ त्यास वनस्पतीवर किंवा पाण्यात पाहते, दुसरे त्यास रुग्णाच्या शरीरात पाहते, आणि दोघांनी परस्परांचे कागद वाचले नाहीत तर एकाच जीवास दोन नावे पडतात.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. बांगलादेशातील अतिसारग्रस्त मुलांपासून मिळालेल्या काही स्ट्रेनांस २००२ साली एरोमोनास हायड्रोफिला या प्रजातीची ‘ढाकेन्सिस’ नावाची उपप्रजाती म्हणून स्थान देण्यात आले. पुढे २००८ साली शोभिवंत माशांच्या टाक्यांतील जिवाणूंचे वर्णन करताना निराळ्या संशोधकांनी एरोमोनास अक्वेरिओरम ही स्वतंत्र प्रजाती प्रस्थापित केली. आणि २०१३ साली दोहोंची समोरासमोर तुलना झाली तेव्हा ढाक्याच्या मुलांच्या पोटातील आणि माशांच्या टाकीतील जंतू एकच असल्याचे सिद्ध होऊन आजचे एरोमोनास ढाकेन्सिस हे नाव कायम झाले. दुसरा दाखला याहूनही बोलका आहे. २०१६ या एकाच वर्षी लेट्यूसच्या पाल्यावरून मिळालेल्या जिवाणूस अॅसिनेटोबॅक्टर लॅक्ट्युकी हे नाव मिळाले, आणि निरनिराळ्या देशांतील प्राधान्याने रुग्णांकडून आलेल्या नमुन्यांवरून अॅसिनेटोबॅक्टर डाइकशूर्नी या प्रजातीचेही वर्णन झाले. दोन वर्षांनी त्यांचे जीनोम ताडून पाहता ती प्रजाती एकच ठरली, आणि अग्रक्रमाच्या नियमाने भाजीच्या पानावरील नाव राहिले व रुग्णालयातले गेले. दोन्ही प्रसंगी कोणाचेही रासायनिक परीक्षण चुकले नव्हते. पलीकडच्या मंडळाची नोंद तेवढी वेळेवर डोळ्यांखालून गेली नव्हती. म्हणून आपला जंतू रुग्णाकडून आलेला असेल तर माती, पाणी, कीटक आणि वनस्पती यांवरील नव्या प्रजातींची वर्णने आधी चाळावीत, आणि तो नदीच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्यातून आलेला असेल तर वैद्यकीय बाजूची. नावांची अधिकृत स्थिती पाहण्यासाठी एलपीएसएन ही सूची आहे, आणि ती कामाच्या आरंभी, मध्ये व मसुदा पाठवण्याच्या आदल्या दिवशी अशी तीन वेळा पाहिली तरी अतिशयोक्ती होणार नाही.

आता मूळ कामाकडे वळू. पहिली गरज शुद्ध संवर्धनाची. संधिसाधू जंतू पुष्कळदा दुसऱ्या जंतूंच्या सोबतीने राहतात, आणि ब्लड अगारवर एकसारख्या दिसणाऱ्या कॉलनीत दोन निराळ्या प्रजाती मिसळलेल्या असणे मुळीच विरळा नाही. अशा मिश्र संवर्धनावरून काढलेला जीनोम मोठा आणि विचित्र दिसतो, व त्याच्या विचित्रपणालाच नवेपणा समजण्याचा मोह होतो. एकेका सुट्या कॉलनीवरून निरनिराळ्या माध्यमांवर वारंवार सब-कल्चर करावे, दर वेळी ग्रॅम स्टेन पाहावा, आणि शुद्धतेबद्दल खात्री होताच, पुढील कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी, ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ८० अंशांवर एकाहून अधिक नळ्या दोन निरनिराळ्या फ्रीझरांत ठेवाव्यात. वीज जाण्याचे प्रसंग आपल्याकडे कमी नाहीत, आणि ज्याचे वर्णन छापले पण जो जिवंत राहिला नाही अशा जंतूचा शास्त्रास काही उपयोग नाही.

याच वेळी नोंदवहीत मजकूर लिहायचा असतो, आणि हे काम नेहमी शिकाऊ मुलावर सोपवले जाते, हे मला कधीच पसंत पडलेले नाही. नमुना कोणत्या तारखेस, शरीराच्या कोणत्या भागातून, कोणत्या प्रभागात, कोणते प्रतिजैविक चालू असताना घेतला. जंतू एकदाच वाढला की लागोपाठच्या दोन ब्लड कल्चरांत वाढला. सोबत दुसरे काही वाढले का. आणि डॉक्टरांच्या मते त्याने खरोखर रोग केला की तो त्वचेवरून आलेला पाहुणा होता — हा तपशील नंतर कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. रुग्णाचे नाव मात्र त्या वहीत नसावे, संकेतांक असावा, आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधीच घेतलेली असावी. पर्यावरणाच्या नमुन्यासाठीही तितकाच काटेकोरपणा हवा: पाण्याचे तापमान, आम्लता, क्लोरीनचे प्रमाण, नळ की टाकी की कुलर, खोली कोणती. ‘रुग्णालयातील पाणी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी समजावी.

यंत्राने ओळख दिली नाही याचा अर्थ जंतू अपूर्व आहे असा नव्हे. यंत्राच्या ग्रंथालयात तो नाही, एवढाच त्याचा अर्थ. माल्डी-टॉफ जंतूच्या प्रथिनांचा आलेख आपल्या संग्रहातील आलेखांशी ताडते, बायोटायपर पद्धतीत २.० वा अधिक गुणांक प्रजातीच्या ओळखीस व १.७ ते २.० हा वंशाच्या ओळखीस पुरेसा मानला जातो, आणि त्याखालील गुणांकामागे जाड थर लावणे, जुने संवर्धन वापरणे, श्लेष्मल कॉलनी असणे अशी साधी कारणे असू शकतात. फॉर्मिक आम्लाने प्रथिने काढून ताज्या संवर्धनावर परीक्षा पुन्हा केल्याखेरीज पुढे जाऊ नये. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा: यंत्र ठामपणे नाव देते आणि ते चुकीचे असते. एलिझाबेथकिंगिया अॅनोफेलिस या प्रजातीचे वर्णन २०११ साली मूळ गांबियाच्या अॅनोफिलीस डासाच्या आतड्यातील जंतूवरून झाले. यंत्रांच्या त्या काळच्या संग्रहात तिचा आलेख नसल्यामुळे रुग्णांकडून आलेले तिचे स्ट्रेन एलिझाबेथकिंगिया मेनिंगोसेप्टिका या जुन्या नावाखाली जमा होत राहिले, आणि फेरतपासणीत त्यांपैकी अनेक अॅनोफेलिस निघाले. २०१५-१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात याच जंतूची मोठी साथ झाली. याच वंशातील मिरिकोला ही प्रजाती तर ‘मीर’ या रशियन अवकाशस्थानकातील साचलेल्या दवातून प्रथम मिळालेली आहे; तेव्हा जंतूचे मूळ घर कोठे असावे याबद्दल आपले पूर्वग्रह बाजूस ठेवलेले बरे.

यानंतरची पायरी १६-एस या रायबोसोमी जनुकाच्या वाचनाची. सुमारे १५०० अक्षरांचे हे जनुक सर्व जिवाणूंत असते, अतिशय सावकाश बदलते, आणि कार्ल वोझ यांनी १९७७ साली त्याच्या आधारे जीवसृष्टीची वंशावळ मांडली तेव्हापासून ते ओळखीचे सर्वमान्य साधन होऊन बसले आहे. प्रयोगशाळांत पुष्कळदा पहिल्या ५०० अक्षरांवर भागवले जाते. रोजच्या निदानास ते चालेल, नव्या प्रजातीच्या दाव्यास चालणार नाही, तेथे १४०० हून अधिक अक्षरे स्वच्छ वाचलेली पाहिजेत. जवळच्या ज्ञात प्रजातीच्या टाइप स्ट्रेनशी, म्हणजे तिचे नाव ज्याच्याशी बांधलेले असते त्या स्ट्रेनशी, साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवेपणाची शक्यता बलवत्तर आहे. जुन्या पुस्तकांत ९७ टक्क्यांची मर्यादा दिलेली आढळेल, ती आता मागे पडली आहे. परंतु साम्य त्याहून अधिक निघाले म्हणजे प्रजाती जुनीच, असे अनुमान काढणे हा तर्कदोष होय. अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी, पिटी आणि नोसोकोमियालिस ही मंडळी या जनुकावरून एकमेकांपासून धडपणे निराळी करता येत नाहीत, आणि तरीही त्या स्वतंत्र प्रजाती आहेत. म्हणून वंशपरत्वे दुसरी जनुकेही वाचावीत: अॅसिनेटोबॅक्टरसाठी आरपीओबी, बर्कहोल्डेरियासाठी आरईसीए, मायकोबॅक्टेरियमसाठी एचएसपी-६५.

अखेरचा फैसला संपूर्ण जीनोमवरूनच होतो. पूर्वी दोन जंतूंच्या डीएनएचे प्रत्यक्ष संकरण करून ७० टक्के ही प्रजातीची सीमा ठरवीत, आणि १९८७ साली तज्ज्ञांच्या समितीने तिला मान्यता दिली होती. हे प्रयोग फार थोड्या प्रयोगशाळांना नीट जमत, आणि दोन ठिकाणचे आकडे जुळत नसत. आता जीनोम वाचून तीच तुलना संगणकावर होते. दोन जीनोममधील सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, ज्याला सर्वत्र एएनआय म्हणतात, ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल, आणि संगणकीय संकरणाचा आकडा ७० च्या खाली असेल, तर दोन्ही जंतू भिन्न प्रजातींचे मानावेत. २०१८ साली मांडलेल्या किमान निकषांनुसार जीनोमचे वाचन सरासरी निदान ५० पट खोलीचे असावे, आणि जीनोममधील १६-एस जनुक स्वतंत्रपणे वाचलेल्या १६-एस जनुकाशी जुळले पाहिजे. ही दोन जनुके जुळत नसतील तर नळ्यांची अदलाबदल किंवा मिसळण झाली आहे असे समजून आरंभापासून पुन्हा सुरुवात करावी. तुलना नेहमी टाइप स्ट्रेनच्या जीनोमशीच करावी. सार्वजनिक भांडारात चुकीच्या नावाने दाखल झालेले जीनोम मुबलक आहेत, आणि अशा एखाद्या जीनोमशी आपला जंतू जुळला अथवा न जुळला यावरून काहीच सिद्ध होत नाही. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील डीएसएमझेड संग्रहाने चालवलेली टीवायजीएस ही सेवा जवळचे टाइप स्ट्रेन स्वतः शोधून ही तुलना विनामूल्य करून देते. ज्या महाविद्यालयापाशी संगणकतज्ज्ञ नाही त्याने निःसंकोच तिचा आश्रय घ्यावा.

एएनआयचा आकडा ९५.४ किंवा ९५.८ असा कुंपणावर बसलेला निघाला तर काय करावे, हा प्रश्न वारंवार येतो. माझे मत असे की अशा वेळी एकाच स्ट्रेनवर निर्णय करूच नये. आणखी स्ट्रेन मिळवावेत, आणि ते मिळवण्याची उत्तम जागा रुग्णाचा परिसर हीच असते. हा भाग आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षित राहतो. रुग्णाकडून अनोळखी संधिसाधू जंतू मिळाला म्हणजे त्याच आठवड्यात त्या प्रभागातील बेसिनच्या नळ्या, नळांची तोंडे, आर्द्रक यंत्रातील पाणी, जंतुनाशकाच्या पुन्हा भरलेल्या बाटल्या, वातानुकूलन यंत्राचे साचलेले पाणी यांचे नमुने घ्यावेत. पाणी गाळणपत्रातून गाळावे, थर स्वॅबने खरवडून घ्यावा, आणि माध्यम असे निवडावे की आपला जंतू वाढेल व बाकीचे दबतील, ज्यासाठी त्याची प्रतिजैविकांना असलेली नैसर्गिक दाद किंवा बेदाद उपयोगी पडते. बेसिनमध्ये त्याच वंशाचा जंतू सापडला एवढ्यावरून रोग तेथून आला असे लिहू नये. जीनोममधील एकेका अक्षराचे भेद मोजून दोन स्ट्रेन अगदी निकटचे ठरले तरच तसे म्हणता येते. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या उष्ण-शीत यंत्रांतील पाण्यातून मायकोबॅक्टेरियम किमेरा शस्त्रक्रियागृहाच्या हवेत उडत होता व रुग्णांस त्याची बाधा पुष्कळदा काही वर्षांनंतर प्रकट होत होती, हा उलगडा अशाच तुलनेने झाला. आणि २००४ सालापूर्वी ही प्रजाती निराळी ओळखलीच गेली नव्हती, ती एव्हियम समूहातच मोजली जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा काटेकोरपणा किती व्यावहारिक बाब आहे ते कळते.

कोणत्या तापमानात, किती आम्लतेत, किती मिठात जंतू वाढतो, कोणती शर्करा वापरतो, त्याची स्निग्धाम्ले आणि क्विनोने कोणती, ही जुनी वर्णनपद्धती अद्याप रूढ आहे व नियतकालिके ती मागतात. जवळच्या टाइप स्ट्रेनांसह एकाच वेळी, एकाच माध्यमावर या परीक्षा कराव्यात, इतके सांगितले म्हणजे पुरे. वैद्यकीय बाजूने मात्र एक गोष्ट जोडावी: प्रतिजैविकांचे किमान रोधक प्रमाण. नव्या प्रजातीच्या वर्णनात ते नसेल तर रुग्णाजवळच्या डॉक्टरास त्या वर्णनाचा काडीचा उपयोग नाही.

पुढचा प्रश्न दाखल करण्याचा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार टाइप स्ट्रेन दोन निरनिराळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत जमा असावा लागतो आणि तेथून तो कोणाही संशोधकास मिळाला पाहिजे. नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टेमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात छापले गेले, किंवा अन्यत्र छापून त्यातील प्रमाणीकरणसूचीत आले, तरच ते वैध होते. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता अधिनियमाप्रमाणे नवी प्रजाती सापडल्यास नियुक्त संग्रहास ती कळवून तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे, आणि जंतू परदेशी पाठवण्याच्या परवानगीची बाब चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते; त्या अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती झालेली असल्यामुळे चालू नियम पाहूनच अर्ज करावा. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र व चंडीगडचा एमटीसीसी यांना या कागदपत्रांचा सराव आहे. हा पत्रव्यवहार जीनोम वाचायला पाठवला त्याच दिवशी सुरू करावा, कारण हस्तलिखित तयार असून दाखल्यावाचून अडकून पडणे हा या क्षेत्रातील नित्याचा त्रास आहे.

नाव लॅटिन वळणाचे असावे आणि आपल्यावरून ठेवू नये. गावाचे किंवा रुग्णालयाचे नाव जोडण्यापूर्वी ते रोगाशी कायमचे चिकटले तर तेथील लोकांना कसे वाटेल याचा विचार करावा. एकाच स्ट्रेनवरून प्रजाती प्रस्थापित करण्यास नियमांची आडकाठी नाही. तरीही रुग्ण व परिसर या दोन्ही बाजूंचे, परस्परांची नक्कल नसलेले थोडे तरी स्ट्रेन हाती येईपर्यंत थांबावे असाच सल्ला मी देईन, कारण एकट्या स्ट्रेनच्या वर्णनातून त्या प्रजातीतील भेदांची व्याप्ती कळत नाही, आणि पुढच्या प्रयोगशाळेस तिची ओळख पटवणे कठीण होते.

नाव वैध झाल्यावरही काम उरते. आपला प्रथिनांचा आलेख यंत्राच्या संग्रहात जाईल अशी तजवीज करावी, आणि फ्रीझरमधील जुने, ‘ओळख नाही’ असा शेरा असलेले किंवा जवळच्या जुन्या नावाने ठेवलेले स्ट्रेन बाहेर काढून पुन्हा पाहावेत. फिलाडेल्फियातील १९७६ च्या साथीचा लिजिओनेला जंतू १९७७ च्या आरंभी जाहीर झाल्यानंतर जपून ठेवलेल्या रक्तद्रवांची तपासणी करता १९६५ साली वॉशिंग्टनमधील एका रुग्णालयात झालेल्या अज्ञात साथीचेही तेच कारण निघाले, आणि १९४७ साली वेगळा करून ठेवलेला एक अनामिक जंतूही लिजिओनेलाच असल्याचे आढळले. रुग्णाच्या अहवालात नवे नाव लिहिताना काही वर्षे तरी जुने नाव शेजारी लिहावे, कारण प्रभागातील डॉक्टर औषधाची निवड त्या जुन्या नावावरून करीत आलेले असतात. आणि नव्या प्रजातीची प्रतिजैविकांना असलेली दाद निराळी असेल तर ती अहवालाच्या तळाशी, बारीक अक्षरांत नव्हे, तर नावाच्या लगेच खाली द्यावी.